न उचललेला भंडारा

भामाबाई सलग दोन दिवस गप्प राहिली, तेव्हाच वस्तीनं ओळखायला हवं होतं. भांडगावाबाहेरच्या त्या धनगरवस्तीवर तिच्या जिभेला सगळे टरकून असत. कुणाचं कोंबडं अंगणात आलं, कुणाच्या सुनेनं बादली आपटली, सगळ्याचा पंचनामा तिच्या ओट्यावर व्हायचा. पण त्या आठवड्यात माणसं मेंढ्यांच्या दुःखात होती आणि एका बाईच्या गप्प बसण्याकडं बघायला कुणाला सवड नव्हती.

सोमवारी भर दुपारी तिच्या थोरल्या दिराच्या, हौसरावच्या, अकरा मेंढ्या मेल्या होत्या. भामाबाईच्या विहिरीवरच्या हौदाला त्या रोजच्यासारख्या पाण्याला लागल्या आणि घटकाभरात लटलट कापायला लागल्या. पोटं टरारून फुगली, तोंडाला फेस आला. त्यातल्या चार गाभण होत्या. दौंडहून जनावरांचा डॉक्टर येईपर्यंत हौसराव एकेकीचं डोकं मांडीवर घेऊन उन्हात बसून होता. डॉक्टरनं हौदाचा काठ हुंगून सांगितलं, पाण्यात युरिया होता.

आता युरिया काय, वस्तीत घरोघर होता. सगळ्यांनी केव्हाच शेती धरली होती, कळप एकट्या हौसरावनं राखला होता. पण बोटं एकाच घराकडं वळली. हौद रखमाजीचा, म्हणजे भामाबाईच्या नवऱ्याचा. दोघं सख्खे भाऊ, पण तीन वर्षांपासून रखमाजी बिरोबाच्या जत्रेला येईनासा झाला होता आणि त्यावरून भावाभावांत चांगलीच वाजली होती. मुद्दाम घातलं असंल इख, असं लोक आता उघड बोलू लागले.

खरं काय ते एकट्या भामाबाईला ठाऊक होतं. पोरीचं, प्रतिभाचं, लग्न पुढच्या महिन्यावर आलेलं. कुरडया वाळत घालायला गोण्या जोडून शिवलेलं मोठं चवाळं हवं म्हणून तिनं खताच्या सहा रिकाम्या गोण्या धुवायला काढल्या. दोन गोण्यांच्या तळाला युरिया ओल धरून दगड झाला होता, तो विरघळावा म्हणून तिनं त्या हौदातच बुडवून ठेवल्या. मग कासार आला, बांगड्या भरता भरता वेळ गेला, आणि गोण्या काढून नेताना हौदाचा बोळा उपसून ते पाणी सोडून द्यायचं ती विसरली. एवढंच. चूक कुणाच्याही हातून झाली असती. पण मेंढ्या पडायला लागल्यावर ती आधी धावली ती हौदाकडं, बोळा उपसला, आणि संध्याकाळी त्या सहाही गोण्या चुलीत सारल्या. हे मात्र कुणाच्याही हातून झालं नसतं, आणि ते तिचं तिला कळत होतं.

रखमाजीची गोष्ट वेगळीच. हा माणूस एके काळी सकाळी सातला हातभट्टीच्या दारात असायचा. काविळीनं महिनाभर दौंडच्या दवाखान्यात पडला, तिथं गिताबाई नावाची म्हातारी आया रोज त्याच्या उशाशी बसून येशूची प्रार्थना करायची. तिथून आला तो दारू सोडूनच. नाव तेच, डोक्याचं मुंडासं तेच, फक्त रविवारी जीप धरून दौंडला प्रार्थनेला जायचा आणि पहाटे गोठ्यापाशी गुडघे टेकायचा. कृपा म्हंजी आपण न कमावता मिळालेलं, असं तो सांगायचा. भामाबाईला ते अजिबात पटायचं नाही. ती वाटीभर साखर उसनी आणली तर शीग लावून परत करणारी बाई. फुकटचं कुणाचं घ्यायचं नाही, कुणाला द्यायचं नाही, हा तिचा खाक्या होता.

तो प्रार्थना मोठ्यानं करायचा, एकेकाचं नाव घेऊन. मंगळवारपासून भामाबाई भिंतीआड उभी राहून ती ऐकू लागली. प्रतिभाचं नाव व्हायचं, हौसरावचं, त्याच्या बायकोचं म्हणजे पुतळाबाईचं. शेवटी तिचं. तिच्या नावाशी तो थांबायचा. पुढं काहीच बोलायचा नाही, बराच वेळ. मग उठून गुडघे झाडायचा आणि वैरण टाकायला जायचा. भामाबाई भिंतीला आणखी चिकटायची. याला कळलंय की काय?

शुक्रवारी आण्णांचा निरोप आला. आण्णा भावकीतले सगळ्यांत वडील. रविवारी सकाळी बिरोबापुढं बैठक, प्रत्येक घराच्या कर्त्यानं बेलभंडारा उचलायचा, देवाची हळद मुठीत धरून शपथ घ्यायची, 'माझ्या घराचा यात हात न्हाई' म्हणून. जो उचलणार नाही त्याचं घर दोषी. दोषी घराला भावकी तुटली. मग प्रतिभाच्या लग्नात मांडवाला हात लावायला माणूस उभं राहणार नव्हतं, आणि असल्या घरात तळेगाव ढमढेऱ्याचे पाहुणे पोरगी करणार नव्हते. हे निरोप आणणाऱ्यानं सांगितलं नाही, तसं सांगायची गरजही नव्हती.

भामाबाई हादरली. खोटा भंडारा उचलला तर देव घर धरतो, हे तिनं पाळण्यापासून ऐकलेलं. आणि नाही उचलला तर माणसं धरणार. शनिवारी जेवण वाढताना तिनं विषय काढलाच. तुम्ही काय इख घातलं न्हाई, मग उचला की, एवढ्यापुरतं, पोरीसाठी, असं ती म्हणाली. आवाज नेहमीसारखा खणखणीत ठेवायचा तिनं आटोकाट प्रयत्न केला.

रखमाजीनं भाकरीचा तुकडा मोडला, पण तोंडात घातला नाही. "घराचा हात न्हाई असं म्हणायचं असतंय, भामे," तो म्हणाला. "माझा एकट्याचा न्हवं."

तिनं पातेल्यातलं कालवण उगाचच ढवळलं. तो तिच्याकडं बघत होता. तेव्हा बोलली असती तर ही गोष्ट इथंच संपली असती. पण ती मीठ आणायच्या निमित्तानं आत गेली आणि तो जेवून उठेपर्यंत बाहेर आली नाही.

रविवारी ऊन नऊलाच चढलं. देवळापुढं पुरुष, मागं भिंतीला टेकून बायका. वारं पडलं होतं. एकेक जण पुढं होऊन ताटातला भंडारा मुठीत धरत होता, ते शब्द म्हणत होता, कपाळाला लावून मागं सरत होता. रखमाजी शेवटचा उरला. तो उठला, ताटापुढं गेला आणि हात जोडून उभा राहिला.

हौसराव जागचा उठू लागला, पण आण्णांनी त्याला खाली बसवलं. आण्णा न्यायी माणूस. तुझा देव निराळा, तर तुझ्या देवाची शपथ घे, आम्ही मानू, असं ते म्हणाले. बायकांत कुजबुज झाली. भामाबाईला वाटलं, सुटलो.

"शपथ कुठलीच न्हाई घेत, आण्णा," रखमाजी म्हणाला. "मेंढ्या माझ्या घराकडनं मेल्या. मुद्दाम न्हवं. जो काय दंड तो माझ्या पदरात घाला."

कुणी केलं, असं आण्णांनी तीनदा विचारलं. तिन्ही वेळा तो गप्प राहिला. एवढ्या वेळात त्यानं एकदाही बायकांकडं मान वळवली नाही, आणि त्यावरूनच भामाबाईला कळलं की त्याला सगळं ठाऊक आहे. उठावं, बोलावं, असं वाटत होतं, पण जीभ टाळ्याला चिकटली. गावभर चालणारी तिची ती जीभ.

मुद्दाम नव्हतं यावर कुणाचा विश्वास बसला नाही. हौसराव पुढं आला. त्यानं धाकट्या भावाच्या डोक्यावरचं मुंडासं ओढलं आणि मातीत टाकलं. सगळ्या भावकीसमोर उघडं डोकं. रखमाजीनं ते उचलायला हातसुद्धा केला नाही. आण्णांनी निवाडा सांगितला, घर तुटलं, आणि तो पक्का करायला रीतीप्रमाणं मूठभर भंडारा हवेत उधळला. पिवळी धूळ सगळ्यांच्या अंगावर बसली, भामाबाईच्याही लुगड्यावर बसली.

दुपारपर्यंत लग्न जमवणारा मध्यस्थ मोटारसायकल काढून तळेगावकडं गेलासुद्धा. प्रतिभा आतल्या खोलीत भिंतीकडं तोंड करून पडली होती. वस्तीवरचं एकही पोर त्यांच्या अंगणातून गेलं नाही.

रखमाजी उघड्या डोक्यानं ओट्यावर बसला होता. भामाबाई त्याच्यापुढं येऊन उभी राहिली.

"कवा कळलं तुम्हाला?"

"सोमवारीच. चुलीत पिलास्टिक वितळून गोळा झाला व्हता."

"मग बडवायचं हुतं मला. चौघांत नाव घ्यायचं हुतं." तिचा आवाज फाटला.

"दारूपायी मी तुजी काय काय दशा केली, ते गिताबाईला समदं सांगितलं व्हतं," तो म्हणाला. "तिनं मला बोल न्हाई लावला, प्रभूचं नाव घेतलं आन् माझ्या तोंडाला पाणी लावलं. तवापासनं दुसऱ्याला बडवायला माझा हात उठत न्हाई."

"माझ्या नावापाशी रोज थांबत व्हता. का?"

"तू बोलशील म्हणून वाट बगत व्हतो."

"आन् आता?"

"आता बी बगतोय," रखमाजी म्हणाला, आणि वैरण टाकायला उठला.

तिला त्याचा संताप आला. सुटका केली म्हणून संताप. शिव्या दिल्या असत्या तर तिनं दुप्पट परत केल्या असत्या, पण याची परतफेड कशानं करायची? अंगावरचा भंडारा झटकत ती बांधाबांधानं चालू लागली. हौसरावच्या वाड्यावरची कुत्री अंगावर आली, ती थांबली नाही. उरलेल्या मेंढ्या वाघरीच्या जाळीत ओरडत होत्या.

दारात पुतळाबाई पीठ चाळत होती. तिनं भामाबाईला पाहिलं आणि काही न बोलता हौसरावला हाक मारली. तो काठी घेऊनच बाहेर आला. थोरल्या दिरापुढं तोंड उघडायचं नाही ही रीत. लग्नाला बावीस वर्षं झाली, भामाबाई त्याच्याशी समोरासमोर एक शब्द बोलली नव्हती. तिनं पदर डोक्यावर ओढला आणि गोण्या, बोळा, चूल, सगळं सांगितलं. एकही गोष्ट आपल्या बाजूला झुकवली नाही.

पुतळाबाईच्या हातातली चाळणी तशीच राहिली.

"त्यानं धाडलं तुला?"

"न्हाई, भावजी. त्यांनी माझं नाव बी घेतलं न्हाई."

हौसरावनं काठी भिंतीला टेकवली, पुन्हा हातात घेतली. "भंडारा उधळून झालाय," तो म्हणाला. "निवाडा माघारी फिरत न्हाई. पोरीचं लगीन बी जुळून येत न्हाई. आता काय मागाय आलीस?"

"मागाय न्हाई आले," भामाबाई म्हणाली. "तुमच्या भावाचं उघडं डोकं माझ्यापायी हाय, एवढं सांगाय आले."

मग ती तिथंच दारापुढं मातीत बसली. तो काठी उचलतो की आत जातो, हे तिला माहीत नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा तिच्या हातात परत द्यायला काहीच नव्हतं, आणि तरी ती उठली नाही.