केतान, मेंडुंग आणि किलात

मित्रांनो, मी एक जुनी सागवानी पेटी आहे. पुढे सरकती काच, वर झाकण आणि हवेसाठी बाजूला भोके. जावा बेटावरच्या क्लातेन गावी सुगेंग नावाच्या बासरीवादकाने मला हौसेने घडवून घेतले. माझ्या पोटात एकामागून एक असे तीन मोठे साप राहिले.

पहिला केतान, पिवळाधमक ब्रह्मदेशी अजगर. इतका गरीब जीव मी दुसरा पाहिला नाही. लग्नाच्या मांडवात नेले तरी म्हाताऱ्या बायकांच्या मांडीवर उशीसारखा पडून राही. पाहुणे त्याच्याबरोबर माझेही कौतुक करीत.

तो म्हातारा होऊन गेला. मग मेंडुंग आला, बोआ जातीचा. झाकण उघडले की जोरात फुसफुसे, पण जरा थांबले की आपोआप निवळे. चावला कधीच नाही. सुगेंगच्या मेहुण्याला तो इतका आवडला की घेऊनच गेला.

शेवटी किलात आला. अंगावर जाळीदार नक्षी आणि नावाप्रमाणेच विजेसारखा चपळ. काचेपलीकडे कोणी हलले की डोके उचलून बघत राही. झाकण वाजले की कोंबडी मिळते, हे तो चटकन शिकला. म्हणून सुगेंगची बायको वार्तिनी त्याला बाहेर काढण्याआधी लांब आकडीने त्याच्या अंगाला हळूच स्पर्श करी. हे जेवण नव्हे, हे त्याला कळे आणि तो शांतपणे बाहेर येई.

एका दुपारी सुगेंग कोंबडी कापून तसाच उठला.

"अहो, हात धुवा आधी. आणि आकडी घ्या."

"केतानला कधी लावली होती का मी आकडी?"

"हा केतान नाही!"

"अजगर सगळे सारखेच गं. तू उगाच त्याची सासू होऊ नकोस."

त्याने झाकण उघडून हात आत घातला. किलातने मनगट धरले आणि दंडापर्यंत विळखा घातला. वार्तिनीने किलातच्या तोंडावर गार पाणी ओतले, शेजाऱ्यांनी शेपटीकडून विळखा सोडवला. सुगेंग वाचला. पण त्याची दोन बोटे बासरीच्या भोकांवर पुन्हा नीट बसली नाहीत.

शेजाऱ्यांनी किलातला पोत्यात बांधले.

"कातड्याच्या व्यापाऱ्याला देऊन टाकू," ते म्हणाले.

"त्याची काय चूक? हाताला वास कोंबडीचा होता!" वार्तिनी ओरडली.

सुगेंगने भिंतीकडे तोंड फिरवले. "न्या त्याला."

पुढे कितीतरी महिन्यांनी सुगेंग माझ्यापाशी येऊन बसला.

"वार्ती, तो वाईट नव्हता गं. मीच त्याला ओळखलं नाही."

"आता कोणाला सांगताय?" ती हळूच म्हणाली.

आज माझ्या काचेवर धूळ आहे, पोटात जुन्या गोण्या आहेत. त्याचे मला फारसे वाईट वाटत नाही. पण मित्रांनो, घरी एखादा प्राणी आणाल, तर तो आधीच्यासारखाच असेल असे धरून चालू नका. त्याचा स्वभाव कळेपर्यंत जरा थांबा. वार्तिनी थांबत असे. म्हणूनच तो किलात तिच्या खांद्यावरून अलगद उतरून अंगणातल्या कोवळ्या उन्हात निवांत पसरे. मी ते पाहिले आहे.