एकोणतीस गार मशिनं

आमच्या कारखान्यात लॅपटॉप कॉम्प्युटर जोडतात, आणि ते दोन रांगांत. पहिल्या रांगेतल्या मशिनांत कंपनीची स्वतःची सिस्टिम घालतात, दुसऱ्या रांगेतल्या मशिनांत विकत आणलेली. म्हणून पहिल्या रांगेतले आम्ही 'घरचे', ते 'बाहेरचे'. खरं सांगायचं तर सिस्टिम म्हणजे काय, हे आमच्यापैकी कोणालाच धड सांगता येणार नाही. आम्ही स्क्रू पिळणारी माणसं. पण भांडायला ज्ञान कुठे लागतं?

"तुमचं मशीन डोळे उघडेपर्यंत आमचं आंघोळ करून कामाला लागतं," असं ते म्हणणार.

"लागतं ना, आणि दुपारी पेंगतं," असं आमच्यातलं कोणीतरी.

कोणाचं उणं बोलायचं नाही, हा माझा रोजचा नेम. पण दुसरं कोणी बोललं तर हसायचं नाही, असं काही मी ठरवलेलं नाही. त्यात आमचे हे नेमके दुसऱ्या रांगेत, म्हणजे माझ्या घरचेच 'बाहेरचे'. तेव्हा हसू जरा जास्तच येतं.

दोन्ही रांगा जिथे मिळतात, तिथे स्टिकरमावशींचं टेबल. मशीन दोन तास चालवून बघायचं, तपासणी यंत्राचा हिरवा दिवा लागला की ते मावशींपुढे. प्रोसेसर बनवणाऱ्या कंपनीचं नखाएवढं चकचकीत स्टिकर मावशी कीबोर्डच्या खाली डाव्या कोपऱ्यात लावायच्या आणि वरून तळवा टेकवायच्या, मनात पाच आकडे मोजेपर्यंत. अठरा वर्षांत एक स्टिकर तिरकं गेलं नाही. हात चालायचे आणि तोंडही. कोणाच्या मुलीला दात आला, कोणाच्या सासूचं गुडघ्याचं दुखणं कुठवर आलं, सगळी खबर त्यांच्याकडे. मध्येच एखादं मशीन बाजूला सारत म्हणायच्या, "याला ताप आहे ग, बघा जरा." त्याच कोपऱ्याखाली आत प्रोसेसर असतो. दुरुस्तीवाले कुरकुरत उघडायचे, आणि आत काही ना काही निघायचंच. पण त्याची नोंद कोण ठेवतो? मावशींचं काम कागदावर एकच, स्टिकर लावणे.

मग एके दिवशी फळ्यावर सूचना लागली. कंपनीने प्रोसेसर घेण्यासाठी नवी पार्टी धरली होती. नवा प्रोसेसर वीज कमी खातो, काम दुप्पट करतो. तीस मशिनं चाचणीला, पंधरा आमची, पंधरा त्यांची. झालं! दोन्ही रांगांना उधाण आलं. नव्या प्रोसेसरवर कोणाची सिस्टिम आधी रुळते, यावर पैजा लागल्या. हे घरी जेवतानासुद्धा म्हणाले, "तुमच्या घरच्या सिस्टिमला नवं घर मानवेल ना? नाहीतर माहेरी पाठवा."

मी पाणी वाढलं.

सूचनेचा शेवटचा परिच्छेद मात्र कोणी मोठ्याने वाचला नव्हता. नव्या पार्टीचं स्टिकर नाही. सोमवारपासून स्टिकरचं टेबल बंद, आणि मावशींची बदली अंगणापलीकडच्या खोक्यांच्या गोदामात. पुठ्ठे दुमडायचे, एकटीने.

"काम हलकं आहे हो मावशी," कोणीतरी म्हणालं.

"काम हलकं आहे ग, दिवस जड जाईल," मावशी म्हणाल्या. "घरी चार भिंती, तिथे चारशे खोकी. बोलू कोणाशी?" आणि हसल्या. त्या हसल्या म्हणून आम्हाला जास्त लागलं.

शुक्रवारी चाचणीची तीस मशिनं तपासणी यंत्राखालून गेली. तीसही हिरवी! टाळ्या पडल्या. ही चाचणी बसवणाऱ्या इंजिनियर मॅडमचा चेहरा फुलला. महिनाभर त्या धड झोपल्या नव्हत्या. मशिनं मावशींच्या टेबलावर आली. लावायला स्टिकर नव्हतं, पण अठरा वर्षांची सवय, हात आपोआप गेला. पाच आकडे. भुवया वर. दुसरं मशीन. तिसरं. टेबलाच्या उजव्या बाजूला मशिनांची चळत वाढत चालली.

"मावशी, अहो काय चाललंय?" मॅडम धावत आल्या.

"ही सगळी गार पडलीत. जीव नाही यांच्यात. हे एकच काय ते बरं आहे, हाताला ऊब लागते." एकोणतीस उजवीकडे, एक डावीकडे.

सगळा कारखाना हसला. मॅडमही. मग त्यांनी मावशींच्या खांद्यावर हात ठेवून समजावलं, "मावशी, हाच तर नव्या प्रोसेसरचा गुण. वीज कमी, म्हणून तापणं कमी. गार म्हणजे उत्तम."

"अगं बाई!" मावशींनी कपाळावर हात मारला. "म्हणजे मी धडधाकट एकोणतीस जणांना मढं ठरवलं?" पुन्हा हशा. पण त्यांचे कान लाल झाले होते. पदराला हात पुसत त्या उठल्या. "जाते बाई, खोकी तरी माझं ऐकून घेतील."

मला राहवलं नाही. चारचौघांत बोलायचं म्हटलं की माझा आवाज बसतो. तरी म्हटलं, "मॅडम, गार म्हणजे उत्तम, तर मग हे एक कोमट का?"

मॅडमनी ते मशीन उचललं, उलटं केलं, तिथेच स्क्रू काढायला घेतले. झाकण निघालं. प्रोसेसरची उष्णता ओढून घेणारी एक मऊ करडी पट्टी असते. ती चिकटवायच्या आधी तिच्यावरचा प्लास्टिकचा पापुद्रा सोलायचा असतो. तो तसाच होता.

"कोणाचं काम हे?" मॅडमनी विचारलं.

पहिली रांग. पट्टीचं टेबल. माझं.

"माझंच," मी म्हटलं.

पलीकडून ह्यांचा आवाज आला, "बघा, घरच्यांनी पट्टी कोऱ्या कपड्यासारखी वेष्टनासकट नेसवली!" दोन्ही रांगा खो-खो हसल्या, आणि हसता हसता माझी भीतीच गेली.

मॅडम मात्र तपासणी यंत्रापाशी गेल्या होत्या. पडद्यावरचे आकडे तपासून वळल्या. "तुमची चूक दोन मिनिटांची. माझी मोठी आहे. उष्णतेची मर्यादा मी जुन्या प्रोसेसरचीच ठेवलीय. त्या हिशेबाने हे कोमट मशीन गारच. म्हणून हिरवा दिवा."

"म्हणजे यंत्रानेही माझ्यासारखंच जुन्या मापाने मोजलं म्हणा की," मावशी म्हणाल्या.

"यंत्राला तीसही सारखी वाटली, मावशी. तुम्हाला एक वेगळं कळलं. नाव चुकीचं दिलंत, पण निवडलंत बरोबर. हे असंच गिऱ्हाइकाकडे गेलं असतं, तर वर्षभरात जळून परत आलं असतं." मॅडमनी फळ्यावरची सूचना काढली, शेवटच्या परिच्छेदावर आडवी रेघ मारली, बाजूला 'हाताची तपासणी' असं लिहिलं आणि खाली सही केली. "वर मी बोलते. आत्ताच जाते."

त्या जिना चढून गेल्या आणि आम्ही सगळे कामाचं सोंग करत वरच्या दाराकडे बघत राहिलो. मी मनातल्या मनात देवाला एवढंच म्हटलं, माझी चूक झालीच आहे, तर ती कोणाच्या तरी कामी येऊ दे. वीस मिनिटांनी दार उघडलं. मॅडमनी वरूनच अंगठा दाखवला.

काय गलका झाला! कोणी मावशींना मिठी मारली, कोणी त्यांचं स्टूल उचललं. स्टूल उचलल्याबरोबर भांडण जुंपलं.

"मावशी आमच्या टोकाला बसणार. पापुद्रे न सोलणाऱ्या घरच्यांत त्या कशाला बसतील!"

"त्यांनी मशीन आमचं पकडलं, बसणारही आमच्यातच!"

"ठेवा ते खाली!" मावशी ओरडल्या. "आधी मला गार म्हणजे किती गार ते शिकू दे. चांगली म्हणून ठरलेली पाच मशिनं इकडे आणा. आणि कोणी बोलायचं नाही."

अख्ख्या कारखान्यात मावशींनी कोणालातरी गप्प बसवल्याची ती पहिलीच वेळ. त्या डोळे मिटून एकेका मशिनावर तळवा टेकवत होत्या. पाचऐवजी आता दहा आकडे मोजत होत्या. "हं. अशी गार होय. माठातल्या पाण्यासारखी नाही, सकाळच्या उशीसारखी." मग डोळे उघडून म्हणाल्या, "कळलं. येऊ द्या."

दुपारभर उरलेली चोवीस मशिनं पुन्हा चालवून येत राहिली आणि मावशींच्या गप्पाही पुन्हा सुरू झाल्या. चारच्या सुमाराला त्यांचा हात एका मशिनावर थबकला. दहा आकडे मोजले, पुन्हा दहा मोजले. "याला कणकण आहे," त्या म्हणाल्या. मॅडमनी उघडून बघितलं. प्रोसेसरवर पट्टी दाबून धरणारे दोन स्क्रू सैल. दुसरी रांग, स्क्रूचं टेबल. ह्यांचं.

ते परत नेऊन द्यायला तिघीचौघी पुढे झाल्या. मी म्हटलं, राहू दे, मी नेते. दोन्ही हातांत धरून, सगळ्या रांगेसमोरून, अगदी सावकाश चालत गेले आणि ह्यांच्यापुढे ठेवलं. माझा नेम मी मोडला नाही. ह्यांनी मशिनाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि पेचकस उचलला.