फलकावर एकच नाव

डब्यात होतं ते असं: सुती कापडाचे दोन कपडे, एक वरचा, एक खालचा. रंग एके काळी लाल असावा. वरच्याला दोन बंद आणि एक हूक. खालच्यात कापडाचे चार तुकडे: पुढचा, मागचा आणि दोन्ही बाजूंना एकेक अरुंद पट्टी, शोभेची असावी. वाळूचे कण अकरा. शिवाय वर्तमानपत्राचं एक कात्रण. त्यात समुद्रकिनारा, बिकिनीतली पाठमोरी मुलगी आणि तिला दंडाला धरून किनाऱ्यावरून हाकलणारा पहारेकरी.

मी संग्रहालयात जुनी कापडं तपासते. बिकिनीच्या इतिहासाचं प्रदर्शन दोन दिवसांवर आलं होतं. पहिला फलक मीच लिहिला होता: १९४६ च्या उन्हाळ्यात एकाने ‘जगातला सर्वांत लहान पोहण्याचा पोशाख’ विकायला काढला. लगेच दुसऱ्याने त्याहून लहान शिवला आणि चारच दिवसांपूर्वी जिथे अणुबॉम्बची चाचणी झाली होती, त्या बेटाचं नाव त्याला दिलं. शेवटचा फलक मावशीने दिलेल्या या डब्यासाठी होता. त्यावर एकच नाव जाणार होतं.

“कात्रणातली ती मीच,” हे मावशी प्रत्येक लग्नात सांगते. आई तेव्हा नेमकी पाणी आणायला उठते. या वेळी मात्र फलकाचं ऐकून ती म्हणाली, “ती मी होते.”

मला ते खरं ठरायला हवं होतं. मी आईच्या वळणावर गेले आहे, धाकटी बहीण मावशीच्या. घरी आलेले पाहुणे आधी तिच्याकडे बघत राहायचे, मग मला अभ्यासाचं विचारायचे.

दुपारी दोघी प्रयोगशाळेत आल्या.

“ताई, अगं पाण्यात पाय घालायला तुला महिना लागायचा,” मावशी म्हणाली.

“पाण्यात कोण गेलं होतं? वाळूवर चालायला पोहणं यावं लागतं का? आणि टीप बघ. एवढी बारीक टीप तुझ्या सात पिढ्यांना जमली नसती.”

“माझ्या म्हणजे तुझ्याच. आणि शिवणं वेगळं, घालणं वेगळं.”

“मोजते,” मी म्हणाले.

आजोबा शिंपी होते. दर वर्षी लेकींची मापं ते कपाटाच्या दाराला आतून पेन्सिलने लिहीत. दार अजून आईकडे आहे आणि मी त्याचा फोटो काढून आणला होता. कात्रणाच्या वर्षीची सीट, म्हणजे कुल्ह्यांचं माप: थोरली चौतीस, धाकटी सदतीस.

कपडा सपाट ठेवून मी तीनदा मोजलं. तिन्ही वेळा सदतीस आले. चौथ्यांदा टेप बदलून पाहिली. सदतीसच.

“झालं समाधान?” मावशीने पर्स उचलली. “चल ताई, आता चहा पाज.”

आई हलली नाही. तिने चष्मा वर सरकवला आणि बाजूच्या पट्टीकडे बोट केलं. “हा धागा माझा नाही.”

मी भिंग लावलं. सगळीकडे लाल धागा होता, इंचाला सोळा टाके. पट्ट्यांना पांढरा होता, इंचाला सात. पट्ट्यांना लागून पुढच्या-मागच्या तुकड्यांच्या कडांना लाल शिवण उसवल्याची जुनी भोकंही होती.

मावशी पर्सची चेन उघडत-मिटत राहिली. “तू घालणारच नव्हतीस, ताई. महिनाभर ट्रंकेत पडून होती.”

“घालणार होते. रविवारी.”

मी कात्रणात फोटोखाली छापलेली, फोटो काढल्याची तारीख बघितली आणि वार काढला. शनिवार.

“एका दिवसाने असं काय होतं गं?” मावशी म्हणाली. “तुझ्याकडे कुणी बघितलं असतं का?”

माझे कान तापले. मी टेप पुन्हा हातात घेतली.

डावी पट्टी: दीड इंच. उजवी पट्टी: दीड इंच. उरले: चौतीस.