श्रीपाद बैठकीत काहून झोपला

जगातली मोठमोठी साम्राज्यं नवरा-बायकोची अंथरुणं वेगळी झाली त्या दिवसापासून कोसळायला लागली, असं माझं पूर्ण विचारान्ती झालेलं मत आहे. रोमचं मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. पण नेपियर टाउनातलं आमचं घर मात्र माझ्या पुतण्यानं, श्रीपादनं, बैठकीतल्या दिवाणावर चादर अंथरली त्याच रात्री कोसळलं, असं सरोजिनीवहिनींनी जाहीर केलं. घर तसं जागेवरच होतं. फक्त सकाळी मी ज्या कोपऱ्यात बसून पेपर वाचायचो, तिथे आता श्रीपादचे पाय असायचे.

श्रीपाद वहिनींचा एकुलता एक, बँकेत नोकरीला. त्याची बायको विनता सागर शहरातली, शाळेत गणित शिकवते. दोघांचं इतकं छान जमायचं की रविवारी दुपारी त्यांच्या खोलीचं दार वाजवायचं नाही, असा घरात न बोललेला नियम होता, आणि तो मोडायची सवलत फक्त मांजरीला होती. अशा दोघांमध्ये अख्खी बैठक येऊन पडली म्हटल्यावर वहिनींची झोप उडाली.

वहिनींचं माहेर अमरावतीचं. संशय आला की त्या विचारत नाहीत, पुरण शिजवतात. गोड खाल्लं की माणूस गोड बोलतो आणि गोड बोलता बोलता खरं बोलतो, अशी त्यांची पद्धत. पण दोघंही पुरणपोळ्या मुकाट्यानं जेवली, एकमेकांना तूप वाढलं, आणि श्रीपाद परत दिवाणावर जाऊन झोपला. तेव्हा वहिनींनी मला बोलावलं.

"भावजी, तुम्ही विचारा. मी विचारलं तर भांडण होते. तुम्ही विचारलं तर चौकशी होते."

मी श्रीपादला कोपऱ्यावरच्या टपरीवर चहाला नेलं. तिथे तो हिंदीत बोलायला लागला, तेव्हाच मी ओळखलं की मामला नाजूक आहे. आमच्या घरात ताप, खोकला, डोकेदुखी मराठीत होते. गुडघा सोडला तर कमरेखालचं सगळं हिंदीत दुखतं.

"काकाजी, विनता को इन्फेक्शन हुआ है. यीस्टवाला."

पुढचं त्यानं तुकड्यातुकड्यांनी सांगितलं. विनताला खाली खाज सुटायची, आग व्हायची, दह्यासारखं पांढरं जायचं. ती डॉक्टर शैलजाबाईंकडे गेली. बाईंनी तपासलं, आत ठेवायच्या गोळ्या आणि मलम दिलं, आणि सांगितलं की हे पुष्कळ बायकांना होतं, यात घाण नाही, पाप नाही, आणि नवरा कुठे जाऊन आला का हे विचारायचंही कारण नाही. फक्त औषध पूर्ण होईपर्यंत संबंध बंद. आधीच सुजलेल्या नाजूक कातडीला त्यानं आणखी इजा होते. आणि निरोध वापरू म्हणाल तर मलमातल्या तेलानं तोही कच्चा पडतो.

दोघांनी माना डोलावल्या. खाज थांबली. खाज थांबली म्हणून औषध थांबलं, आणि मग रविवार आला.

थोड्याच दिवसांत सगळं परत सुरू झालं, आणि या खेपेला श्रीपादलाही खाज आणि लाली. बाईंनी दोघांना समोर बसवून झापलं. त्यालाही मलम दिलं, त्याची शुगर तपासली, ती बरी निघाली. औषध शेवटपर्यंत घ्यायचं, सुती कपडे वापरायचे, वासाचे साबण तिथे लावायचे नाहीत, ओले कपडे अंगावर ठेवायचे नाहीत, असं बजावून पाठवलं.

"आणि वेगळं झोपायलाही बाईंनीच सांगितलं का?" मी विचारलं.

"नाही." चहा संपला होता, तरी तो कप तोंडाला लावून बसला. मग मराठीत आला. "त्यांनी एवढंच म्हटलं, सध्या थांबा. पण काकाजी, एका खोलीत राहून माझ्याच्यानं थांबणं होऊन नाही राहिलं."

प्रेम आटलं म्हणून वेगळी झोपणारी माणसं मी पाहिली होती. उतू जातं म्हणून दिवाणावर आलेला हा पहिलाच. त्यानं मला शपथ घातली की आईला सांगायचं नाही. मी वहिनींना एवढंच सांगितलं की भांडण नाही, तब्येतीचं आहे. कोणाच्या, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, दोघांच्या. सत्य बोलून एवढं नुकसान मी आयुष्यात दुसऱ्यांदा केलं नाही. दोघांचीही मनं एकदमच आजारी पडली, असा अर्थ काढून वहिनींनी नर्मदेवरचा ग्वारीघाट ठरवला.

हा आमच्या घराण्याचा उपाय. नवरा-बायकोचं बिनसलं की त्यांना घाटावर न्यायचं, त्याच्या उपरण्याला तिचा पदर बांधायचा, गाठीसकट नर्मदेत बुडी मारायला लावायची, आणि पूजा संपेपर्यंत दोघांनी तसंच ओलेत्यानं पायरीवर बसायचं. पंडितजी पूजा मुद्दाम लांबवतात. गुण मंत्रांचा नाही. कुडकुडणारी दोन माणसं आपोआप जवळ सरकतात. माझे थोरले भाऊ बाबाराव आणि वहिनी स्वतः दोनदा हा उपाय करून आले होते, आणि दुसऱ्या खेपेला बाबारावांना न्यूमोनिया झाल्यावर वहिनींनी त्यांची इतकी सेवा केली की भांडणाचं कारणच दोघं विसरले.

आदल्या संध्याकाळी विनता माझ्याकडे आली. गणिताच्या बाईला घाबरलेली मी प्रथमच पाहिली.

"काकाजी, आता कुठे बरं वाटून राहिलंय. तास-तास ओल्या साडीत बसले आणि परत सुरू झालं तर? चाळीस मुलींसमोर फळ्यावर समीकरण सोडवायचं आणि खाजवायचं नाही, हे काय असतं तुम्हाला नाही कळणार."

अडचण आली म्हणून सांग, असा जुना रामबाण मी सुचवला. ती म्हणाली, माझ्या तारखा माझ्यापेक्षा आईंना जास्त पाठ आहेत. मग मी म्हटलं की खरंच सांगून टाक. तर म्हणाली, खरं सांगितलं की आई आधी मला धुतील आणि मग श्रीपादवर संशय घेतील.

सकाळी आम्ही घाटावर पोहोचलो. शालिग्राम पंडितजींनी गाठ बांधली. ते घरात मराठी बोलणारे, जुन्या वळणाचे. शेजारी झेंडू विकणारी अंजनी पांढुर्ण्याकडची, तिलाही मराठी येत होतं, हे आमच्या नंतर लक्षात आलं. वहिनींनी पाण्याकडे बोट केलं. विनता घोट्याएवढ्या पाण्यात उतरली आणि थांबली.

"आई, मी बुडी नाही मारणार."

"काहून?" वहिनींनी विचारलं. "याच्याशी गाठ नको झाली तुले?"

विनतानं श्रीपादकडे पाहिलं नाही. ती नदीकडे बघत राहिली, आणि तिची हनुवटी थरथरायला लागली. श्रीपादनं ते पाहिलं. या मुलानं मूळव्याधसुद्धा आईला चिठ्ठी लिहून कळवली होती. तो स्वच्छ मराठीत आणि पलीकडच्या काठाला ऐकू जाईल अशा आवाजात बोलला.

"आई, तिला खाली बुरशीचं इन्फेक्शन झालंय. मलाही झालंय थोडं. कोणाची चूक नाही. चूक एवढीच की औषध अर्ध्यावर सोडलं आणि मी थांबलो नाही. आता ते पूर्ण होईपर्यंत ओले कपडे बंद आणि बाकीचंही बंद. म्हणून मी बैठकीत झोपून राहिलो. तिच्याजवळ झोपलो तर मला राहवत नाही."

एका नावाड्याची वल्ही पाण्यावरच राहिली. अंजनी झेंडूची फुलं पुन्हा पहिल्यापासून ओवायला लागली. पंडितजींनी घसा साफ केला आणि निर्णय दिला की नर्मदामाईचं पाणी डोळ्यांना लावलं तरी स्नान होतं, आजारी माणसाला बुडी लागत नाही, आणि हे शास्त्रात आहे. कुठल्या शास्त्रात ते त्यांनी सांगितलं नाही, आम्हीही विचारलं नाही.

वहिनी पायरीवर बसल्या.

"फार आग होते का गं?" त्यांनी विचारलं.

"आता कमी आहे, आई."

"आमच्या वेळी आम्ही कोणाला सांगतच नव्हतो. खोबरेल लावायचं आणि स्वयंपाकाला लागायचं."

त्यांनी ओंजळीत पाणी घेऊन दोघांच्या डोळ्यांना लावलं, विनताच्या पायाला लागलेलं पाणी आपल्या पदरानं पुसलं, आणि पूजा कोरड्यानंच झाली. गाठ मात्र सोडू दिली नाही. त्यामुळे श्रीपाद आणि विनता एकमेकांना बांधलेलेच ऑटोत चढले आणि मी ड्रायव्हरशेजारी लोंबकळलो.

वाटेत वहिनींचं भाषण झालं. आजपासून या घरात कोणी काही लपवायचं नाही. शरीर देवानं दिलं, त्याची लाज धरायची नाही. सुनांनी सासूला आई समजून सगळं सांगायचं, मुलांनी बायकोच्या दुखण्यात असंच उभं राहायचं, आणि दिवाणावर आता फक्त भावजी बसतील. ऑटोवालाही हळू चालवायला लागला. मी तर राष्ट्रगीताला राहावं तसा मनातल्या मनात उभाच राहिलो होतो.

मग वहिनी विनताच्या कानाशी वाकल्या.

"त्या डॉक्टरीणबाईंकडे माझाही नंबर लावून ठेव. पण दुपारचा नको, दुपारी माझी सिरियल असते."