हौदातला थर्मामीटर, बोडीतला समुद्र

मी एक जुना थर्मामीटर आहे, मित्रांनो, पण जुना म्हणून मला कमी लेखू नका. काचेची नळी, तिच्यात पारा आणि अंगावर पितळेचं चिलखत, असा माझा थाट आहे. ताप आला की काखेत धरतात तो माझा धाकटा भाऊ. तो माणसांचे लाड करतो, मी पाण्याची परीक्षा घेतो. आणि एक गोष्ट सुरुवातीलाच छातीठोकपणे सांगतो, मी आजवर एकदाही खोटं बोललेलो नाही.

१९९९ साली गोंदियाच्या एका राइस मिलमध्ये मी कामाला लागलो. तिथे उसना, म्हणजे उकडा तांदूळ होत असे आणि त्यासाठी धान आधी गरम पाण्याच्या हौदात भिजवत. पाणी जास्त तापलं तर तांदूळ लाल पडतो, कमी तापलं तर वास मारतो. म्हणून हौदाचे मिस्त्री शिवलाल रहांगडाले यांचं माझ्यावाचून पान हलत नसे. ते आधी बांबूने हौद खालीवर ढवळत आणि मगच मला बुडवत, कारण गरम पाणी वर राहतं, थंड खाली, आणि न ढवळता मोजलं तर फसगत होते. हौदापुरतं ते अगदी बरोबर होतं. पण ढवळणं त्यांच्या इतकं अंगवळणी पडलं, की घरचा चहासुद्धा ते पुन्हा ढवळल्याशिवाय ओठाला लावत नसत.

पुढे मिलमध्ये काटेवाले नवे मापक आले आणि माझी रवानगी भंगारात होणार होती. शिवलालांनी मला मालकाकडून मागून घेतलं, दुपट्ट्यात गुंडाळलं आणि आपल्या गावी, नागऱ्याला घरी आणलं. तिथे कोनाड्यात मी धूळ खात पडलो. खरं सांगतो, फार वाईट वाटलं.

माझे दिवस फिरले ते २००७ साली. शिवलालांची मुलगी भूमेश्वरी गोंदियाच्या कॉलेजात एम.एस्सी. करत होती. घरात कोणीच समुद्र पाहिला नव्हता, तिनेही नाही, आणि प्रकल्पाला विषय निवडला तो समुद्राचाच! समुद्राच्या वरच्या पाण्याचं तापमान एका दिवसात कसं चढतं-उतरतं, याचं गणित तिला मांडायचं होतं. ऊन किती, वारा किती, रात्री पाण्याने ऊब किती सोडली, हे आकडे कॉम्प्युटरला द्यायचे आणि त्याने तासातासाचं तापमान सांगायचं. अशा गणिताला ती प्रारूप म्हणे. तिची माय सुखवंता त्याला सरळ 'भूमीचा समुद्र' म्हणे.

मैत्रिणी हसल्या. तिच्या सरांनी मात्र वाट दाखवली. "समंदर दूर है बेटा, पण पाणी तं पाणीच आहे. आपल्या तळ्यावर तपासून दाखव. जुळलं तं किनाऱ्यावरच्या संशोधन केंद्राले तुझं नाव पाठवतो. नाही जुळलं तं विषय बदल."

भूमेश्वरीचा सारा जीव त्या केंद्रात अडकला.

शेतातल्या बोडीवर, म्हणजे धानाला पाणी देणाऱ्या छोट्या तळ्यावर, माझी नेमणूक झाली. ती दिवसभर कॉलेजात, म्हणून मोजणी शिवलालांनी हौसेने अंगावर घेतली, पहाटे एकदा आणि भर दुपारी एकदा. मीही ऐटीत पाण्यात उतरलो.

प्रारूप म्हणे, वारा पडलेल्या उन्हाच्या दिवशी वरचं पाणी दुपारपर्यंत तीनेक अंशांनी चढायला हवं. माझा पारा जेमतेम अर्धा अंश चढे. रोज तेच. मग चोर सोडून संन्याशाला सुळी, पहिलं बोट माझ्याकडे! भूमेश्वरीने गोळेवाल्याकडून बर्फ आणला आणि त्याच्या चुऱ्यात मला खुपसलं. मी बरोबर शून्यावर उभा राहिलो. माझी अब्रू वाचली, पण पोरीचा चेहरा उतरला. थर्मामीटर खरा, म्हणजे तिचं गणित खोटं.

मित्रांनो, मला सगळं ठाऊक होतं. पण मला फक्त आकडे बोलता येतात, तेही विचारलं तेवढेच. त्या दिवसांत मला माझ्या मुकेपणाचा राग आला.

सरांनी सोमवारपर्यंत मुदत दिली. शनिवारी ती कॉलेजला गेलीच नाही. प्रारूपातला उन्हाचा आकडा गुपचूप कमी केला तर जुळून जाईल, असं तिच्या मनात आलं. त्या विचाराची तिची तिलाच लाज वाटली आणि ती तरातरा बोडीवर आली. शिवलाल काठावरच्या दगडावर उभे होते. हातात लांब बांबू. खालचं पाणी वर, वरचं पाणी खाली.

"बाबूजी! हे काऊन ढवळून राहिले तुमी?"

"कायले म्हंजे? ढवळल्याबिगर माप खरं येते का? मिलमंदी सारी जिंदगी असाच मोजलो."

"रोज ढवळता?"

"रोज. एक दिवस नाई चुकलो," शिवलाल अभिमानाने म्हणाले.

भूमेश्वरी बांधावर मटकन बसली. हसावं की रडावं कळेना, म्हणून तिने दोन्ही केलं. "बाबूजी, मले वरचंच पाणी पाहिजे होतं जी! ऊन वर बसते, अन् तुमी त्याले खाली बुडवून टाकता."

शिवलालांच्या हातातला बांबू गळून पडला. "म्हंजे माह्यामुळं तुह्या समुद्राचं नुकसान झालं?"

ती नुकत्याच ढवळलेल्या पाण्याकडे एकटक बघत राहिली आणि एकदम उठली. "बांबू उचला, बाबूजी. उद्या आधी न ढवळता मोजा, मंग ढवळून मोजा."

"आता ढवळाचं कायले?"

"समुद्रात वारा हेच तं करते जी. माह्या वारा तुमीच!"

रविवारी दुपारी मला अलगद, नुसतं टोक बुडेल इतकंच पाण्यात धरलं. पारा पहाटेपेक्षा जवळजवळ तीन अंश वर होता. शिवलालांनी बांबू फिरवला आणि तो झरझर उतरला. मग भूमेश्वरीने प्रारूपात जोराचा वारा घातला. उत्तर आलं, अर्धा अंश! इतक्या दिवसांची ढवळलेली मापंही कामी आली. तिचं गणित खरं होतं, मीही खरा होतो. सोमवारी सरांनी सगळं दोनदा तपासलं, "कमाल है" म्हणाले आणि तिचं नाव पाठवलं.

आज भूमेश्वरी किनाऱ्यावरच्या त्या केंद्रात खऱ्या समुद्राचं गणित मांडते. मी नागऱ्यातच आहे, पण कोनाड्यात नाही, कापसाच्या डबीत आहे.

मित्रांनो, तुमच्याही घरात एखादं जुनं माप असेल. त्याला पुसा, जपा. आणि त्याचं उत्तर पटलं नाही, तर त्याला दोष देण्याआधी, किंवा आपलं गणित खोडण्याआधी, एकदा उठून पाण्याच्या काठापर्यंत जा.

शिवलाल आता थकलेत. पण संध्याकाळी पोरीचा फोन आला, की मला डबीतून काढून पुसत पुसत त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो.

"काय वं भूमी, आज तुह्या समुद्र कोणी ढवळला का?"

"हो बाबूजी, दुपारून वारा सुटला होता."

"मंग पारा नसंल चढला."

"नाई चढला जी."

तेव्हा ते माझ्याकडे बघून हसतात, आणि मला वाटतं, त्या अथांग पाण्यात आम्ही दोघंही थोडे थोडे उतरलो आहोत.