हिरवी पट्टी

बारक्या नावालाच बारक्या. थोरल्या भावापेक्षा चांगला एक डोकं उंच. दोघंही कारखान्याच्या पॅनेलच्या खोलीत वायरमन. जाड सूट मात्र दोघांत एकच. हँडल फिरवून ब्रेकर, म्हणजे वीज तोडायचा मोठा खटका, पॅनेलमधून बाहेर काढताना आत भडका उडाला, तर कातडं वाचावं म्हणून तो सूट. हँडल धरील त्यानं तो घालायचा, दुसऱ्यानं दाराबाहेर थांबायचं, असा नियम. पण त्याचा टोप म्हणजे नुसता वैताग! जरा श्वास घेतला की काचेवर वाफ. ब्रेकर पुरता सुटला की हिरवी पट्टी दिसते. टोपातून ती दिसेल तर शपथ. मग बाहेरचा आत यायचा, खांद्यावरून वाकून बघायचा आणि ओरडायचा, “हिरवी आली, दादा!” सगळेच असं करायचे. साहेबांनाही ठाऊक होतं, बरं का.

गेल्या वर्षी भडका उडाला तेव्हा सुटात थोरला होता. बारक्या साध्या शर्टात, पट्टी बघायला वाकलेला. तो जागीच गेला. थोरल्याला फोडसुद्धा आला नाही. लोक म्हणाले, वाचला. कसला वाचला, डोंबल!

आणि आता कारखानेवाले बारक्याच्याच जागेवर त्याच्या बायकोला घेत होते. वायरमनचं शिक्षण तिनं लग्नाआधीच घेतलेलं. घरच्यांनी तिला वेड्यात काढलं. ती म्हणाली, “दादा हो म्हणाले तर जाईन. नाही म्हणाले तर विषय संपला.” नाही म्हणणं सोपं होतं. पण वर्षभर ती खिडकीशी गप्प बसून असायची, तेही त्याला बघवत नव्हतं.

कारखान्यात नवीन यंत्र बसलं, तेव्हा तो तिला घेऊनच गेला. आधी डोळ्यांनी बघू, मग बोलू. हँडलच्या जागी मोटर, शेजारी कॅमेरा, आणि लांबलचक केबल भिंतीपलीकडच्या खोलीत. तिथं एक बटण आणि छोटा पडदा. पॅनेलची खोली रिकामी, दाराला कुलूप. थोरल्यानं ते कुलूप पुन्हा पुन्हा ओढून पाहिलं.

“तू दाब गं,” तो म्हणाला. “माझा हात धजत नाही.”

तिनं बटण दाबलं. मोटर घरघरली. पडद्यावर पट्टी सरकत आली, अगदी लख्ख.

“हिरवी आली, दादा.”

तेच शब्द. तिला कुठं ठाऊक असणार! थोरला मटकन फरशीवर बसला आणि हमसून हमसून रडला. वर्षभर त्याला रडू आलं नव्हतं.

तिनं मोटर थांबवली आणि त्याच्याशेजारी टेकली.

“एवढंच होतं, दादा?”

“एवढंच.”

“एवढं बघायला ते आत आले होते?”

त्यानं मान हलवली. तिनं पदर तोंडात कोंबला, पण हुंदका काही आवरला नाही. बऱ्याच वेळानं तिनं डोळे पुसले.

“मग, येऊ मी कामाला?”

“ये,” तो म्हणाला. “आता माझ्या खांद्यावरून कोणाला वाकावं लागत नाही.”