पत्र थांबवा

दूतावासात उपराजदूतबाईंचा दरारा होता तो त्यांच्या भाषेमुळे. मसुद्यातला एक शब्द इकडचा तिकडे झाला तरी त्यांच्या नजरेतून सुटत नसे. नुसती चिंता कधी व्यक्त करायची, तीव्र चिंता कधी, आणि गंभीर चिंता कुणासाठी राखून ठेवायची, हे त्यांनी झोपेतही सांगितलं असतं. नोकरीच्या पहिल्याच वर्षी वरिष्ठांनी त्यांना मेजवानीच्या टेबलावरची फुलं बघायला लावलं होतं. त्यांनी फुलं बघितली आणि दुसऱ्या दिवशी वरिष्ठांच्याच मसुद्यातल्या चौदा चुका काढून समोर ठेवल्या. फुलांचं काम त्यांना पुन्हा कुणी सांगितलं नाही. नव्या मुलींना मात्र ते अजून सांगितलं जायचं, आणि सव्वीस वर्षांनंतरही ते त्यांना सलत होतं.

एका मंगळवारी सकाळी तळमजल्यावरच्या खिडकीतून काकांचा फोन आला. काका म्हणजे खिडकीवरचे जुने कारकून. त्यांना अख्खा दूतावास काका म्हणायचा, राजदूतसुद्धा. ते सहसा वर फोन करत नसत. एक बाई आल्यात, माझ्याशी काही बोलत नाहीत, तुम्हीच खाली या, एवढंच म्हणाले.

खाली एक तिशीची बाई बसली होती. सोबत सहा वर्षांची मुलगी. बाई मायदेशातली, लग्न होऊन या परक्या शहरात येऊन नऊ वर्षं झालेली, आणि एका शिवणाच्या कारखान्यात पडदे शिवणारी. मायलेकींचे पासपोर्ट नवऱ्याच्या कपाटात कुलूपबंद होते. कारखान्यात तिने दवाखान्यात जाते म्हणून सांगितलं होतं. डाव्या हाताची बाही ती सारखी मनगटावर ओढून घेत होती. ती रडली नाही. एखाद्या पडद्याला कापड किती लागेल असं विचारावं, तसं तिने विचारलं, परत जायला कायकाय कागद लागतील? भाऊ तिकिटं पाठवणार होता. प्रवासाचा तात्पुरता दाखला हवा होता, दोघींचा. उपराजदूतबाईंनी दिवस मोजून सांगितलं, पुढच्या गुरुवारी चार वाजता तयार मिळेल. तोवर मुलीने काकांची दुरंगी पेन्सिल पळवून फॉर्मच्या पाठीवर एक घर काढलं होतं. बाई म्हणाल्या, राहू दे तिच्याकडे पेन्सिल.

उठताना शिवणवाली म्हणाली, "घरी कळू देऊ नका. एवढं बघा."

"नाही कळणार," बाई म्हणाल्या. "मी आहे ना."

आता इथे दूतावासाचा एक नियम सांगायला हवा. कुणाच्याही नावाने नवा दाखला निघाला, की नोंदीतल्या पत्त्यावर तसं कळवणारं एक पत्र जातं. दुसऱ्याच्या नावाने कुणी कागद काढून नेऊ नये म्हणून. नियम वाईट नाही, ज्याने केला त्याच्या घरी सगळं ठीक असावं इतकंच. पत्र थांबवायचं तर उपराजदूतांची सही लागते, आणि तीही तीन दिवसांच्या आत. काकांना हे तोंडपाठ. त्यांनी बुधवारी फाइल वर पाठवली, तिच्यावर लाल चिठ्ठी चिकटवली आणि ठळक अक्षरांत लिहिलं: पत्र थांबवा.

फाइल बाईंच्या ट्रेमध्ये आली. पण दाखला मिळायचा त्याच पुढच्या गुरुवारी दुपारी शहरात एक परिसंवाद होता. जगभरातले स्त्रियांचे हक्क, राजनयिकांच्या नजरेतून. राजदूत रजेवर, म्हणून बोलायला बाई जाणार होत्या. भाषण तयार होतं, त्यात आकडे होते आणि तीव्र चिंता होती. शिवणवाली भेटली आणि बाईंना ते भाषण वाचवेना. त्यांनी ते फाडलं. आकडे ऐकून कुणाला काय होतं, या एकीचंच सांगायचं असं त्यांनी ठरवलं, आणि खोटं कशाला बोला, मनापासून ठरवलं. नवं भाषण सुरू व्हायचं ते असं: एक स्त्री आमच्या खिडकीशी आली आणि आम्ही तिचं ऐकलं. 'ऐकलं' ठेवावं की 'ऐकून घेतलं', यावर शुक्रवारची अख्खी दुपार गेली. काका दोनदा येऊन दारात उभे राहिले. दोन्ही वेळा बाई मान वर न करता म्हणाल्या, ठेवा, बघते. मसुदे ट्रेमध्ये साठत गेले, पहिला, दुसरा, पाचवा, आणि लाल चिठ्ठी त्यांच्याखाली गेली. सोमवारी सकाळी टपाल विभागाने नियमाप्रमाणे पत्र पाठवलं.

गुरुवारचा परिसंवाद चांगला झाला. एक राजदूत म्हणाले, कायदे बदलले की माणसं बदलतात. दुसरे म्हणाले, समाजाला वेळ द्यावा लागतो. स्वतः त्यांनी भाषणाला ठरल्यापेक्षा दुप्पट वेळ घेतला. बाई सात मिनिटं बोलल्या. नंतर एका वृद्ध राजदूतबाईंनी त्यांचा हात दोन्ही हातांत धरून ठेवला.

पावणेचारला त्या दूतावासात परतल्या. दाखला तयार होता. चार वाजले, साडेचार वाजले. पाचला काका पायऱ्या चढून वर आले आणि ट्रेमधले मसुदे एकेक करून उचलू लागले. तळाशी लाल चिठ्ठी दिसली.

सोमवारी नवरा आला. इस्त्रीचा शर्ट, बोलणं अत्यंत अदबशीर, हातात दूतावासाचं पत्र. बायकोचा जरा गैरसमज झाला होता, तुम्हाला उगाच तसदी, आता तो दाखला रद्द करा, असं तो काकांना म्हणाला. मुलीचा हात धरून ती मागे उभी होती. दोन्ही बाह्या मनगटापर्यंत. बाई खाली आल्या आणि म्हणाल्या, रद्द करायच्या अर्जावर अर्जदाराने एकटीनेच आत येऊन सही करायची असते, तसा नियम आहे. असा नियम नव्हता. सव्वीस वर्षांत त्यांनी पहिल्यांदाच एक नियम मनाने रचला. नवरा हसून म्हणाला, हो हो, बरोबर आहे, मी छोटीला घेऊन बसतो. आणि त्याने मुलीला मांडीवर घेतलं.

आत बाईंनी दार लावलं आणि खण उघडून दाखला टेबलावर ठेवला. मागच्या दाराशी गाडी उभी आहे, आत्ता निघता येईल, त्या भराभरा म्हणाल्या.

शिवणवालीने दाराच्या काचेतून बाहेर बघितलं. मुलगी मांडीवर गप्प बसली होती. बापाचा हात तिच्या पोटाभोवती होता.

"आणि ती?"

शिवणवालीने अर्ज ओढून घेतला, कुठे सही करायची ते बोटाने विचारलं आणि केली. मग पर्समधून दुरंगी पेन्सिल काढून टेबलावर ठेवली. घरात ही कुठून आली म्हणून विचारतात, म्हणाली.

"ते पत्र माझ्यामुळे गेलं," बाई म्हणाल्या. "माझी एक सही राहिली."

त्यांना वाटलं, ही आता ओरडेल. तिने ओरडावं असंच त्यांना वाटत होतं. शिवणवालीने त्यांच्याकडे बघितलं. त्या नजरेत रागही नव्हता, नुसता थकवा होता.

"असू दे," ती म्हणाली. "तुम्ही कामात असाल."

आणि दार उघडून ती बाहेर गेली.

बाई तिथेच बसून राहिल्या. काका पाणी ठेवून गेले, ते तसंच राहिलं.

आठवड्याने परिसंवादवाल्यांचं पत्र आलं. भाषण सगळ्यांना फार भावलं, पुस्तिकेत छापायचं आहे, तेवढं त्या स्त्रीचं पुढे काय झालं हे दोन ओळींत कळवावं. बाईंनी मसुदा केला नाही. त्यांनी भाषणाची प्रत काढली, पहिल्या वाक्यातलं 'आणि आम्ही तिचं ऐकलं' हे खोडलं, आणि खाली हाताने लिहिलं: तिच्या घरी जाणारं पत्र थांबवायला एक सही लागत होती. ती माझी होती. मी हे भाषण लिहीत होते.

सही केली. लिफाफा घेऊन त्या स्वतः टपाल विभागात गेल्या. हे पत्र मात्र त्याच दिवशी गेलं.